अनुग्रह आणि हमी

मराठी शासनव्यवहारात ‘सानुग्रह अनुदान’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. वादळात घरचा माणूस दगावला, पुरात घर वाहून गेले, वीज पडून बैल मेला, की सरकारकडून जी रक्कम मिळते तिला हे नाव आहे. इंग्रजी अमदानीत कचेरीत येऊन स्थिरावलेल्या एका लॅटिन संज्ञेचे हे भाषांतर होय. परंतु मराठीत उतरताना त्या संज्ञेला एक निराळेच वजन प्राप्त झाले. अनुग्रह हा शब्द मराठी मनाला वारकरी आणि नाथ परंपरेने शिकवलेला आहे. गुरू शिष्यावर अनुग्रह करतो. त्यासाठी तळमळावे, वाट पाहावी, लायक व्हावे. पण त्यावर दावा सांगता येत नाही. अनुग्रह झाला तर कृतज्ञ राहायचे, न झाला तर स्वतःचीच उणीव शोधायची. परमार्थात या शब्दाची शोभा निर्विवाद आहे. तोच शब्द तहसील कचेरीच्या दारात येऊन बसतो आणि दार ठोठावणारा माणूस नागरिक असतो, तेव्हा त्याच्या अर्थाची चौकशी करणे आवश्यक ठरते.

या शब्दाच्या शेजारी मराठीतलाच एक जुना जोडशब्द ठेवून पाहावा. अस्मानी म्हणजे आभाळातून कोसळणारे संकट. सुलतानी म्हणजे राज्यकर्त्याकडून येणारे. कुणब्याने हे शब्द जोडीने वापरले, कारण त्याच्या अनुभवात ही संकटे क्वचितच एकेकटी आली. पाऊस न झाल्याने पीक बुडाले हे अस्मानी. पीक बुडाल्यावरही सारा तेवढाच मागितला गेला ही सुलतानी. लोकशाही राज्यात सुलतानीचे रूप पालटले आहे. ती आता बहुधा घेण्यात नसते, देण्यात असते. कोणाला द्यायचे, किती द्यायचे, कोणता कागद पाहून द्यायचे आणि कोणाचे नाव यादीबाहेर ठेवायचे, या साध्यासुध्या वाटणाऱ्या निर्णयांत ती वास करते. अस्मानी आणि सुलतानी यांची ही नवी गाठ कशी पडते हे पाहावयाचे असेल तर ओडिशाच्या किनाऱ्याइतके बोलके उदाहरण भारतात दुसरे आढळणार नाही. त्या चिंचोळ्या पट्ट्यात एकाच पिढीने वादळ पाहिले, विजेच्या खाजगीकरणाचा देशातला पहिला प्रयोग पाहिला आणि आपण या देशाचे कोण, या प्रश्नालाही तोंड दिले.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपच्या जवळ जमिनीवर आलेल्या वादळाला ओडिया भाषेत ‘महावात्या’ म्हणतात. मराठी वाचकाला ‘वात्याचक्र’ या शब्दामुळे त्यातली वात्या परकी वाटू नये. वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे गेला होता. समुद्राचे पाणी पाच-सहा मीटर उंच उठून कित्येक किलोमीटर आत शिरले. अवघ्या दहा-बारा दिवसांपूर्वी गंजम जिल्ह्याला एका वादळाने झोडपले होतेच. त्यातून सावरण्याच्या आत हे दुसरे आले आणि पुढे न सरकता किनारी भागावर रेंगाळत राहिले. सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुसंख्य जगतसिंहपूर जिल्ह्यातील, आणि त्यातही एरसमा या एकाच विकास गटातील होती. वादळ येणार याची सूचना वेधशाळेने दिली होती. परंतु सूचना ऐकून जायचे कोठे, याचे उत्तर गावापाशी नव्हते. पक्की निवारागृहे फार थोडी होती आणि मातीच्या भिंतींवर गवताचे छप्पर असलेल्या घरांना पाण्यापुढे टिकाव धरणे अशक्य होते. केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले, की गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा रुंद पट्टा जिथे टिकून होता, तिथे मृत्यूचे प्रमाण कमी राहिले. वारा आभाळाचा होता, पण झाडे माणसांनी तोडली होती. अस्मानीच्या हिशेबात पहिली सुलतानी नोंद इथेच पडते.

पाणी ओसरल्यानंतर मोजणी सुरू होते. मोजणीला भाषा लागते आणि ती भाषा कागदाची असते. मृताच्या वारसाला मदत मिळायची तर मृत्यू सिद्ध व्हावा लागतो. देह सापडला नसेल तर माणूस मृत नसतो, बेपत्ता असतो. पुराव्याच्या कायद्याचा जुना दंडक असा, की सात वर्षे ज्याची वार्ता लागली नाही त्याला मृत मानता येते. समुद्राने नेलेल्या माणसाच्या बाबतीत हा दंडक किती विपरीत आहे हे सांगावयास नको. २०१३ साली केदारनाथच्या प्रलयानंतर बेपत्ता यात्रेकरूंच्या मृत्यूची नोंद करण्यासाठी विशेष कार्यपद्धती आखावी लागली, ती यामुळेच. परंतु अशी सूट आपत्तीगणिक द्यावी लागते. जिथे ती दिली जात नाही तिथे विधवेला वैधव्यदेखील कागदोपत्री मिळत नाही. तिच्या कपाळावरचे कुंकू गावाने पुसलेले असते. सरकार मात्र तिच्या नवऱ्याची वाट पाहत असते.

ओडिशाच्या आठवणीत याहून जुना एक हिशेब आहे. १८६६ चा दुष्काळ तिथे ‘न-अंक दुर्भिक्ष’ या नावाने ओळखला जातो. पुरीच्या गजपती राजाच्या राज्यवर्षांच्या पारंपरिक गणनेत ते नवव्या अंकाचे वर्ष होते, म्हणून हे नाव. त्या दुष्काळात त्या प्रांताची सुमारे एक तृतीयांश प्रजा नाहीशी झाली. पावसाने दगा दिला हे खरेच; पण आयुक्त रेवेन्शॉ आणि त्यांच्या वरिष्ठांचा समज असा होता, की प्रांतात धान्य आहे आणि व्यापारी ते योग्य भावाने बाजारात आणतील. बाहेरून तांदूळ आणण्याचा निर्णय होईपर्यंत पावसाळा लागला, बंदरे बंद पडली, आणि तांदूळ गलबतांतच अडकून राहिला. पुढे चौकशी आयोग नेमला गेला व त्याने शासनाच्या दिरंगाईवर स्पष्ट ठपका ठेवला. फकीरमोहन सेनापतींनी तो दुष्काळ तरुणपणी डोळ्यांनी पाहिला. त्यांच्या कादंबरीचे नाव ‘छ माण आठ गुंठ’ म्हणजे जमिनीच्या एका लहानशा तुकड्याचे मोजमाप आहे, आणि तो तुकडा एका विणकर कुटुंबाच्या हातून जातो तो कागदाच्या करामतीने. ओडिया कादंबरीच्या आरंभकाळीच ही जाण उमटावी, याला त्या प्रांताचा इतिहास कारण आहे. माणसाला उपाशी मारण्यास शत्रू लागत नाही. त्याचे नाव, त्याचे शेत किंवा त्याची गरज चुकीच्या रकान्यात पडली तरी पुरते.

आता विजेकडे वळावे. मराठीत वीज म्हणजे आभाळात चमकणारी आणि वीज म्हणजे तारेतून घरात येणारी; ओडियात ‘बिजुळी’ या शब्दाचेही तेच. भाषेने अस्मानी शक्तीचेच नाव मानवी योजनेला दिले आणि नकळत एक सत्य सांगून ठेवले. तारेतली वीजही गरिबाला आभाळातल्या विजेसारखीच लांबून दिसत होती. १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते हिराकुद धरणाचे उद्घाटन झाले. त्यासाठी एक लाखाहून अधिक माणसे आपल्या गावांतून उठली. महानदीच्या पुराला आवर घालणे आणि वीज निर्माण करणे हे त्या धरणाचे हेतू होते. पुढे तालचेरच्या कोळशावर औष्णिक केंद्रे उभी राहिली. ओडिशा वीज निर्माण करणारा प्रांत झाला, पण २००१ च्या जनगणनेत त्या राज्यातील शंभरांपैकी सुमारे सत्तावीस घरांतच विजेचा दिवा होता. उरलेल्या घरांना तार तुटण्याचे दुःख नव्हते, कारण तार आलेलीच नव्हती.

त्याच काळात ओडिशाने वीज मंडळाची पुनर्रचना आरंभली. १९९५ चा सुधारणा कायदा १ एप्रिल १९९६ पासून अमलात आला. जागतिक बँकेचे कर्ज त्याच्या पाठीशी होते. निर्मिती, वहन आणि वितरण यांची फारकत झाली; दर ठरविण्यासाठी देशातला पहिला राज्य वीज नियामक आयोग नेमला गेला. वितरणाचे चार विभाग पाडून १९९९ मध्ये ते खाजगी कंपन्यांकडे सोपविण्यात आले. कटक, भुवनेश्वर, पुरी, जगतसिंहपूर, केंद्रापाडा ही ठिकाणे ज्यात येत, तो मध्य विभाग त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका अमेरिकन कंपनीच्या हाती गेला. पुढच्याच महिन्यात महावात्या आली आणि त्याच विभागातील खांब, तारा, रोहित्रे जमीनदोस्त झाली. मोडलेले जाळे कोणी उभे करायचे, पैसा कोणी घालायचा आणि तोटा कोणाच्या खाती जायचा, हे प्रश्न करार शाईने ओला असतानाच उभे राहिले. थकबाकी, गळती आणि दर यांवरील वाद त्यांत मिसळले. २००१ साली कंपनीने काढता पाय घेतला आणि आयोगाला तिथे प्रशासक नेमावा लागला. राज्य सरकारच्या कानुनगो समितीने त्याच वर्षी या सर्व सुधारणांचा आढावा घेतला. पुढे २००३ चा केंद्रीय वीज कायदा आला तेव्हा ओडिशाचा हा अनुभव देशापुढे होता. योगायोग असा, की मध्य विभाग १ जून २०२० रोजी पुन्हा एका खाजगी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली गेला, त्याच्या केवळ अकरा-बारा दिवस आधी ‘अम्फान’ वादळ ओडिशाच्या उत्तर किनाऱ्याला घासून गेले होते. करार माणसे आपल्या सोयीच्या तारखेला करतात. वादळ त्या तारखा पाहत नाही. मात्र एवढे तरी करारात असायला हवे, की वादळाच्या दुसऱ्या दिवशी कोणाचे उत्तरदायित्व काय असेल.

या किनाऱ्याने १९९९ नंतर जे साधले त्याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावयास हवे. त्या वर्षाच्या अखेरीस राज्याने आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारागृहे उभी राहत गेली आणि त्यांची संख्या आठशेच्या वर पोहोचली. गावागावांतील तरुण-तरुणींना सूचना देणे, माणसे हलविणे, प्रथमोपचार करणे यांचे शिक्षण मिळाले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच सुरक्षित जागी गेली होती, आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ने पुरीला धडक दिली तेव्हा सुमारे बारा लाख माणसे हलविण्यात आली, साठ-पासष्ट माणसे दगावली. दहा हजारांवरून पन्नास-साठवर येणे ही स्वतंत्र भारताच्या लोकप्रशासनातील एक मोठी घटना आहे. मृत्यू टाळणे हे कर्तव्य आहे असे राज्याने मनापासून मानले आणि ते पार पाडण्याची रीत बसविली. जीव वाचविण्याच्या बाबतीत अनुग्रहाची भाषा मागे पडली.

परंतु जीव वाचल्यानंतरचे जगणे अजून त्याच जुन्या भाषेत अडकलेले आहे. फनीने विजेचे लाखाहून अधिक खांब पाडले. मे महिन्याच्या उकाड्यात पुरी शहरातील वस्त्या कित्येक दिवस आणि आसपासची खेडी कित्येक आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे पिण्याचे पाणी नाही. एका निवारागृहात दलित कुटुंबांना प्रवेश नाकारला गेल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. वाऱ्याने सर्वांची छपरे सारखीच उडवली असतील; छपराखाली घेण्याच्या वेळी मात्र माणसाची जात विचारली गेली. शेतीचेही असेच. ओडिशाच्या १९६० च्या जमीन सुधारणा कायद्याने जमीन खंडाने वा वाट्याने देण्यावर जवळपास बंदी घातली. हेतू कुळाच्या रक्षणाचा होता, पण प्रत्यक्षात बटाईची शेती चालूच राहिली आणि बटाईदाराचे नाव मात्र कोणत्याही दप्तरी चढले नाही. त्यामुळे पीक बुडते बटाईदाराचे आणि भरपाईला पात्र ठरतो सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर नाव असलेला मालक, जो कदाचित कटकला किंवा भुवनेश्वरला राहत असतो. ज्याच्या घामाने शेत उभे होते त्याला शेताच्या नाशावरही अधिकार नाही.

मोजमापाचा हा दोष कोकणालाही अपरिचित नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. फळबागांसाठी हेक्टरी मदतीची रक्कम वाढवून पन्नास हजार रुपये करण्यात आली, आणि ती वाढ स्वागतार्हच होती. अडचण अशी, की कोकणातील वाडी हेक्टरात मोजली जात नाही, गुंठ्यांत मोजली जाते. त्यात माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल अशी माडीवर माडी चढविलेली शेती असते, आणि एका सातबाऱ्यावर भावकीतील पाच-पंचवीस नावे. हेक्टरी रकमेला गुंठ्याने भागले आणि नंतर भावकीने भागले की हाती जे उरते त्यात पडलेले झाड उचलण्याची मजुरीही निघत नाही. तक्रारी झाल्यावर नारळ आणि सुपारीसाठी झाडागणिक मदत देण्याचा निर्णय घेण्यात आला. मोजण्याचे माप बदलताच मदतीचा अर्थ बदलला. मापे दरबारी ठरतात, पण ती रयतेच्या जमिनीशी जुळवून घेता येतात, एवढे या प्रसंगाने दाखवून दिले.

केंद्रापाडा जिल्ह्यात सातभाया नावाचे ठिकाण होते. सात भावांप्रमाणे सात गावांचा तो समूह. समुद्राने त्यांतील पाच गावे एकामागून एक गिळली. उरलेल्या कुटुंबांना अखेर बागापाटिया येथील वसाहतीत हलविण्यात आले. परंतु त्या काळात केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत किनाऱ्याची धूप नव्हती. यादीत चक्रीवादळ होते, पूर होता, गारपीट होती, टोळधाडीसारखे कीडसंकटही होते; दरवर्षी थोडा थोडा सरकणारा समुद्र नव्हता. एका रात्रीत घर गेले तर ती आपत्ती. तेच घर तीस वर्षांत गेले तर तो घरमालकाचा प्रारब्धभोग. पंधराव्या वित्त आयोगाने धुपेमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी वेगळी तरतूद सुचविली तेव्हा, म्हणजे २०२१ च्या सुमारास, या प्रश्नाला राष्ट्रीय हिशेबात प्रथमच जागा मिळाली. त्याच जिल्ह्यातील महाकालपाडा भागात २००५ साली १,५५१ बंगालीभाषकांना, ते बांगलादेशातून बेकायदा आले आहेत असे ठरवून, देश सोडण्याच्या नोटिसा देण्यात आल्या. त्या अमलात आल्या नाहीत. माणसे तिथेच राहिली. पण अशा माणसाची अवस्था ध्यानात घ्यावी. वादळाच्या रात्री तो निवारागृहात गेला तर त्याला आत घेतले जाईल, कारण जीव वाचविताना कोणी कागद मागत नाही. सकाळी पाणी ओसरल्यावर मदतीची यादी निघेल तेव्हा मात्र तो कोणत्या रकान्यात बसेल? रात्रीचा माणूस आणि सकाळचा नागरिक यांच्यातील हे अंतर हाच या सर्व विषयाचा गाभा आहे.

एरसमाच्या वाट्याला आणखी एक परीक्षा आली. महावात्येला सहा वर्षे पुरी होत नाहीत तोच, २२ जून २००५ रोजी, दक्षिण कोरियातील पॉस्को कंपनीशी पोलाद प्रकल्पाचा करार झाला. प्रकल्पाची जागा एरसमा गटातील ढिंकिया, नुआगाव, गडकुजंग या पंचायतींत होती. तिथल्या वाळूमिश्रित जमिनीवर पानमळे आहेत. श्रीवर्धन किंवा वसई भागातील पानमळा ज्याने पाहिला आहे त्याला हे कळेल, की थोड्याशा जागेत अनेक हातांना बारमाही काम देणारी ती शेती आहे. तिथली बरीचशी जमीन कागदोपत्री वनजमीन होती. म्हणजे पिढ्यानपिढ्या कसणारे लोक सरकारदप्तरी अतिक्रमक होते. २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन ग्रामसभेने ठराव केले, बारा वर्षे लढा चालला, त्यात माणसे तुरुंगात गेली, मने फाटली, गावात दोन तट पडले. २०१७ साली कंपनीने माघार घेतली. जमीन मात्र गावाकडे परतली नाही. ती दुसऱ्या पोलाद प्रकल्पासाठी राखली गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ढिंकियात पुन्हा पोलिसांचा लाठीमार झाला. उद्योग असू नयेत असे कोणी म्हणणार नाही. त्या गावांतील कित्येकांना प्रकल्प हवाही होता. लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. हीच माणसे १९९९ च्या नोव्हेंबरात ‘वादळग्रस्त’ होती तेव्हा साऱ्या देशाने त्यांच्यासाठी धान्य आणि कपडे पाठविले. तीच माणसे आपल्या पानमळ्याविषयी बोलू लागली तेव्हा ‘विकासविरोधी’ ठरली. हात पसरणाऱ्याविषयी करुणा वाटणे सोपे असते. तोच मनुष्य हात वर करून प्रश्न विचारतो तेव्हा करुणेची कसोटी लागते.

अनुग्रहाकडून हक्काकडे जाणारी वाट भारतात कोणी चाललेच नाही असे मात्र नव्हे. आणि ती वाट प्रथम महाराष्ट्राने दाखविली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे, मातीकामाच्या रांगा आणि वाटली जाणारी सुकडी ही त्या पिढीच्या स्मरणातील चित्रे आहेत. दुष्काळी काम हे तोवर सरकारच्या मर्जीचे होते. टंचाई जाहीर झाली तर काम निघे, नाहीतर नाही. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘हमी’ हा शब्द त्यात अर्थपूर्ण आहे. हमी देणारा बांधला जातो. मागणाऱ्याला काम दिले नाही तर भत्ता द्यावा लागतो, आणि भत्ता चुकविला तर उत्तर द्यावे लागते. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत खोटी हजेरीपटे भरली गेली, रस्ते पावसात वाहून गेले, हे सर्व खरे आहे. तरीही खडी फोडणाऱ्या बाईचे नाते सरकारशी कायमचे बदलले. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्यामागे होता. दुष्काळाच्या बाबतीत जे घडू शकले ते वादळाच्या बाबतीत का घडू नये, हा प्रश्न यातूनच निघतो.

कायद्याने त्या दिशेने काही पावले टाकली आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे एकसष्टावे कलम मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. त्याच कायद्याचे बारावे कलम सांगते, की मदतीचे किमान निकष राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवावेत आणि त्यात जीवितहानीसाठी सानुग्रह साहाय्य असावे. करोनाच्या साथीत मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना अशी मदत देणे बंधनकारक आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की त्या कलमातील आज्ञार्थ हा आज्ञार्थच आहे, तो ऐच्छिक मानता येणार नाही. रक्कम किती असावी हे न्यायालयाने प्राधिकरणावर सोपविले आणि पुढे ती पन्नास हजार रुपये ठरली. शब्दाच्या अभ्यासकाला हा निर्णय विलक्षण वाटल्यावाचून राहणार नाही. जे कृपेने द्यावयाचे ते देणे सक्तीचे आहे, असे न्यायालय सांगत होते. अनुग्रहाच्या पोटातून हमी जन्माला येत होती, फक्त नाव जुनेच राहिले होते. विजेच्या बाबतीतही डिसेंबर २०२० मध्ये ग्राहकहक्कांचे नियम आले. ठरलेल्या मुदतीत सेवा न दिल्यास भरपाईचे तत्त्व त्यात मान्य झाले. परंतु सेवेच्या मानकांमध्ये वादळ, पूर, भूकंप यांचा अपवाद ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. म्हणजे ज्या दिवशी दिव्याची गरज सर्वांत मोठी, त्याच दिवसापुरता त्याच्यावरील हक्क निजलेला असतो.

प्रशासनाची बाजूही ऐकून घ्यावयास हवी. वादळाच्या दुसऱ्या दिवशी रस्ते बंद असतात, तिजोरीला मर्यादा असते. प्रत्येक मागणी हक्क ठरली तर सगळे न्यायालयात जाऊन बसतील आणि हातचे काम राहून जाईल, असा युक्तिवाद अनुभवी अधिकारी करतात. त्यात तथ्य आहे. शिवाय एरसमासारख्या ठिकाणी कित्येक तरुण अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी नियमाबाहेर जाऊन, स्वतःचे अंथरूण-पांघरूण विसरून काम केले. त्यांच्या माणुसकीचे मोल कोणत्याही कलमाने होणार नाही. पण चांगला अधिकारी बदलून जातो. त्याच्यामागून येणारा तसा असेलच याची शाश्वती नसते, आणि गाव तर तिथेच राहते, पुढच्या वादळाची वाट पाहत. चांगुलपणा ज्या दिवशी नियमात उतरतो त्या दिवशी तो गावाच्या मालकीचा होतो. महावात्येनंतर जीव वाचविण्याच्या कामी नेमके हेच घडले. कोणा एकाच्या दयेवर ते काम सोडले नाही, म्हणून पुढच्या वादळांत माणसे वाचली.

तेव्हा मागणे फार मोठे नाही. बटाईदाराचे नाव पीक उभे असतानाच गावच्या नोंदीत यावे. वाडीचे मोजमाप वाडीच्या मापाने व्हावे. समुद्राला हळूहळू गेलेले घर हे गेलेले घर मानले जावे. तारा पुन्हा जोडण्याचा क्रम आणि मुदत वादळाच्या आधी जाहीर व्हावी, आणि त्या क्रमात पाण्याचा पंप व दवाखाना बड्या वस्तीच्या मागे नसावा. मदतीची यादी तयार झाल्यावर ती कचेरीच्या कपाटात न राहता ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि जिचे नाव त्यात नाही तिला तिथेच उभे राहून विचारता यावे, की ते का नाही. ज्या गावात असा प्रश्न विचारला जाईल आणि त्याचे उत्तर लेखी मिळेल, तिथे मदतीच्या कागदावर ‘सानुग्रह’ हा शब्द छापलेला असला तरी फारसे बिघडणार नाही. वाचणारी तो ओलांडून पुढची रक्कम पाहील, सही करील आणि मान खाली न घालता घरी जाईल.